करणाऱ्याचं वय

चर्रर्र.

दुपारचे सव्वादोन. धाकट्याला झोपवण्यात माझा पाऊण तास, तीन गाणी आणि अर्धा पाय खर्ची पडला होता. अर्धा पाय अशासाठी, की त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यावर गुडघ्याखाली आपलं काही आहे की नाही हेच कळेनासं होतं. पंखासुद्धा मी एकवर ठेवला होता, दोनवर तो कुरकुरतो. म्हणजे आमचा पंखा नव्हे, आमचा धाकटा. घर असं शांत, की आपल्याच श्वासाला 'हळू' म्हणावं. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज.

चर्रर्र. पुन्हा.

"खारू!" मी ओरडले. नुसत्या ओठांनी. आवाज काढायची सोय नव्हती.

"थोडीच लावतेय," आतून कुजबुज आली. घरात लहान मूल असलं की सगळे चोरांसारखे बोलायला शिकतात.

खारू म्हणजे माझी मधली, वय वर्षं सात. खारीसारखी जे दिसेल ते गोळा करून ठेवते, म्हणून हे नाव. तिच्या उशीखाली बटणं, बाटल्यांची झाकणं आणि आजीच्या मशीनची रिकामी रिळं असतात. थोरला अकरा वर्षांचा, त्याला आम्ही वकील म्हणतो. का, ते त्याच्याशी दोन मिनिटं बोललं की कळतं. आणि मांडीवरचा हा बुलडोझर, तीन वर्षांचा, ज्याच्या वाटेत काहीही उभं राहत नाही.

मी पुस्तक लिहितेय. हे मी बाहेर फारसं सांगत नाही, कारण लगेच "कधी लिहिता?" असं विचारतात, आणि खरं उत्तर "धाकटा झोपला की, आणि भाजी शिजेस्तोवर" असं आहे. मुलांच्या एका मासिकात हस्तकलेचं एक पान मी तीन वर्षं लिहितेय. त्यातून हे पुस्तक ठरलं. एकच वस्तू, एकच टेबल, आणि तीन वयं. तिनाने फाडायचं आणि चिकटवायचं, सातानं कापायचं आणि घड्या घालायच्या, अकरानं हलतं-चालतं काहीतरी करायचं. पुस्तकवाले वयाप्रमाणे वेगवेगळी पुस्तकं काढतात, पण मुलं काही वयाप्रमाणे वेगवेगळ्या घरांत जन्माला येत नाहीत. एकाच घरात येतात आणि एकच कात्री ओढतात.

पण पुस्तकाचं खरं बीज खारूचं. गेल्या वाढदिवसाला तिला कुणीतरी हस्तकलेचं पुस्तक दिलं. 'वय सहा ते आठ' असं वर ठळक छापलेलं. त्यात कागदी ताटलीचं घुबड होतं, गोल गरगरीत, पिसं ओळीत बसवलेली. खारूनं केलं ते बसकणलेल्या बटाट्यासारखं झालं. तिनं पुन्हा केलं. मग पुन्हा. तिसऱ्या बटाट्यानंतर ती जी रडायला लागली, ती थांबेना. शेवटी मी म्हटलं, "अगं, चित्रातलं ते मोठ्या माणसानं केलंय."

रडं जागच्या जागी थांबलं. नाक पुसून ती म्हणाली, "मग तसं लिहिलं का नाही?"

मी दुसऱ्याच दिवशी संपादकबाईंना फोन केला. म्हटलं, माझ्या पुस्तकातली एकूण एक वस्तू त्या त्या वयाच्या मुलानंच केलेली असेल. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी, मुलाच्याच अक्षरात: 'हे मी केलं. मोठ्यांनी हात लावला नाही. करणाऱ्याचं वय: ...' ती चिठ्ठी फोटोशेजारी तशीच छापायची. संपादकबाईंना ते इतकं आवडलं की त्या म्हणाल्या, पुस्तक ह्या चिठ्ठीवरच उभं राहील.

उभं राहील. आज पाच वाजता त्या स्वतः घरी येणार होत्या, पहिल्या प्रकरणाच्या तीन वस्तू न्यायला. बुटाच्या खोक्यातलं घर, वय तीन, सात आणि अकरा. उद्या सकाळी फोटो. हे प्रकरण जमलं तर पुस्तक माझं. नाही तर, त्यांनी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं, "एक चित्रकार मुलगी आहे हाताशी, ती सगळं भराभर करून देते."

धाकट्याचं घर सकाळीच झालं होतं. खोक्यावर त्यानं रंगीत कागदाचे कपटे थापले होते, भिंतीवर, छपरावर आणि थोडे स्वतःच्या पोटावर. तीन वर्षांच्या माणसाकडून ह्याहून जास्त कुणी मागत नाही. वकिलाचं घर तिमजली होतं आणि त्यात लिफ्ट होती. आजीच्या रिकाम्या रिळावर दोरा गुंडाळून, काडेपेटीचा डबा खाली-वर.

"आई," धाकट्याला उशीवर ठेवून मी उठले तेव्हा वकील माझा कागद हातात घेऊन उभा होता. "सूचना क्रमांक चार चुकीची आहे. 'दोरा अंदाजे वीतभर घ्या.' कुणाची वीत?"

"ज्याचा हात त्याची."

"मग अकरा वर्षांच्या मुलाची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरच अडकते. माझी अडकली. मी दीड वीत घेतला."

"बरं. दीड लिही."

"आणि 'अंदाजे' काढ. अंदाजे दीड वीत म्हणजे काहीच नाही."

ह्या मुलाच्या बायकोची मला आत्तापासून काळजी वाटते.

आत गेले तर खारू जमिनीवर, आणि तिच्यासमोर घर. घर म्हणायचं ते आपलं विषय घराचा होता म्हणून. बुटाचं खोकं आडवं ठेवलेलं, पुढची बाजू उघडी. जिना होता, पण तो वर जायच्या ऐवजी बाजूच्या भिंतीतून बाहेर निघाला होता. दाराला सात ठिकाणी चिकटपट्टी, त्यामुळे ते उघडत नव्हतं. आणि मागच्या भिंतीत चार खिडक्या, चारही अगदी तळाशी, जमिनीला टेकलेल्या. उंदरांनी बांधकाम पास केलं असावं तशा.

"खारू, खिडक्या इतक्या खाली कुणी ठेवतं का गं?"

"मी ठेवते. त्याला कारण आहे."

"काय?"

तेवढ्यात बाहेर बुलडोझर कण्हला. मी हात वर करून श्वास धरला. कूस बदलून तो गप्प झाला.

"नंतर सांग," मी कुजबुजले. "आणि ती पट्टी दे इकडे. भिंतींपेक्षा पट्टीच जास्त झालीये."

सकाळी ह्याच खिडक्यांपाशी धाकटा पोटावर झोपून आत डोळा लावत होता आणि "दिसतंय, दिसतंय" म्हणून लाथा झाडत होता. मी बघितलं होतं. बघितलं म्हणजे, त्याचा पाय डिंकाच्या बाटलीला लागेल म्हणून पाय बघितला होता.

तीन वाजता संपादकबाईंचा फोन. "सात वर्षांचं घर पानभर घ्यायचं ठरलंय हं. कदाचित मुखपृष्ठावरही. झालंय ना छान?"

"झालंय," मी म्हणाले.

"सुबक हवं. म्हणजे मुलांचंच हवं, पण सुबक. कळतंय ना, मी काय म्हणते?"

कळत होतं. भिजलेलं हवं, पण कोरडं.

सासूबाई पुढच्या खोलीत मशीनवर होत्या. पस्तीस वर्षं त्या शिवणकाम करतायत. शाळेच्या गणवेशांसाठी अर्धी गल्ली त्यांच्या गिऱ्हाइकांत. फोन ठेवेपर्यंत त्यांनी शेवटचा दोरा तोडला आणि चार गणवेश पिशवीत घातले. "पोचवून येते. खारे, चलतेस? वाटेत बटणंही घ्यायचीत."

बटणं म्हटल्यावर खारू घर, आई, पुस्तक सगळं सोडून चपला शोधायला धावली. उंबऱ्यातून वळून मला म्हणाली, "चिठ्ठी मी आल्यावर लिहीन. तू लिहू नकोस."

"नाही लिहीत, बाई. जा."

दार लागलं. धाकटा झोपलेला. वकील गॅलरीत, लिफ्टला ब्रेक बसवत. घरात मी आणि ते घर.

मला एवढंच करायचं होतं, की दारावरचं लोंबणारं पट्टीचं टोक कापायचं. देवाशपथ, एवढंच. फोटोत ते दाराच्या जिभेसारखं दिसलं असतं. ते कापलं, तर खालची पट्टी सुटली. ती सुटली तर दार निखळलं. निखळलंच आहे तर नीट बसवावं, म्हणून मी कागदाची बिजागरी केली. दार उघडायला लागलं तशी आतली गळाठलेली खुर्ची डोळ्यांत खुपायला लागली. खुर्चीला पुन्हा घडी घातली. जिना काढून आत वळवला. आणि मग खिडक्या. मी स्वतःला म्हटलं, तिला उंची कळली नसेल, घाई झाली असेल. मी मागच्या भिंतीवर आतून स्वच्छ पांढरा पुठ्ठा चिकटवला, बाहेरून निळा, आणि वरच्या बाजूला, जिथं शहाण्या घरांना असतात तिथं, एकसारख्या दोन खिडक्या कापल्या.

खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. किती दिवसांत माझ्या हातात पुठ्ठा होता आणि कुणी "आई, हे धर, आई, ते दे" म्हणत नव्हतं. कात्री कशी सपकन जात होती.

"आई." वकील दारात. "नियम क्रमांक एक."

"तू लिफ्ट बघ."

"'मोठ्यांनी हात लावला नाही.' तू मोठी आहेस. हा हात आहे."

"मी फक्त टोकं नीट करतेय."

त्यानं जमिनीवरचा ढीग बघितला. सात तुकडे पट्टी, जुना जिना, चुरगळलेला पुठ्ठा. "ही टोकं?"

"हे बघ, संपादकबाईंना सुबक हवंय. हे नाही झालं तर पुस्तकच नाही. तुला काय वाटतं, मला हौस आहे?"

त्यानं पट्टीचा एक तुकडा उचलला, बघितला आणि परत ढिगावर ठेवला. मग म्हणाला, "मी साक्ष देणार नाही. पण मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही." आणि गॅलरीत निघून गेला.

आमच्या बोलण्यानं धाकटा उठला. डोळे चोळत आला, माझ्या मांडीत बसला आणि डिंकाच्या बाटलीत बोट घातलं. त्याला पुसून, दूध-बिस्कीट देऊन, जमिनीवरचा ढीग केराच्या डब्यात कोंबून होईतो साडेचार. घर मात्र देखणं झालं होतं. तीनही घरं टेबलावर ओळीत मांडली आणि मधलं बघून माझं मलाच कौतुक वाटलं. मग त्या कौतुकाची लाज वाटली. मग वाटलं, लाज वाटायला वेळ कुठाय, पाच वाजत आलेत.

जिन्यावर खारूच्या चपलांची पटपट ऐकू आली. ती मूठ पुढे करून आत आली. "आई, बघ, दुकानदारकाकांनी फुटकी चार फुकट दिली! दोन डोळ्यांची आणि..."

मूठ तशीच राहिली. ती टेबलाकडे बघत होती.

मी तयारीत होते. म्हणजे रडण्याच्या. तिला काय सांगायचं तेही ठरवलं होतं: किती छान केलं होतंस, फक्त फोटोसाठी जरा, सगळे असंच करतात. पण ती रडली नाही. टेबलाभोवती फिरून आली. दार उघडून बघितलं. बंद केलं. पुन्हा उघडलं.

"छान उघडतं," ती म्हणाली. शेजारच्यांचं घर बघायला गेल्यावर म्हणावं तसं.

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, चष्मा लावला आणि खिडकीच्या कडेवरून अंगठा फिरवला. कापड बघताना फिरवतात तसाच. "सात वर्षांच्या हातात कात्री थांबत थांबत चालते," त्या हळूच म्हणाल्या. "दर थांब्याला एक दात राहतो. ही इकडून तिकडे न थांबता गेलीये."

"अहो आई, आत्ता नको. त्या येतील इतक्यात. त्यांना कुठं कळणारे?"

"त्यांना नाहीच कळायचं," त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून चहाचं आधण ठेवायला गेल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भांडायला कुणीतरी हवं होतं.

आणि मग आमचा बुलडोझर. बिस्किटाचा चुरा अंगावर घेऊन तो आला. टेबलाशी टाचा उंच करून त्यानं मधल्या घराला हात घातला. मी "अरे अरे" म्हणेपर्यंत खारूनं ते अलगद उचलून त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं. तो पोटावर आडवा झाला, सकाळसारखा, आणि मागच्या भिंतीला डोळा लावला.

भिंत.

त्यानं थोडं सरकून दुसरीकडे डोळा लावला. मग हाताने थापट्या मारल्या. "खिडकी नाही," तो म्हणाला. मान वर करून त्यानं वरच्या दोन खिडक्या बघितल्या, आणि रोज आमच्या खऱ्या खिडकीखाली उभा राहून लावतो तोच सूर लावला. "वर घेऽऽ. मला वर घेऽऽ."

रोजचा हा सूर. बाहेर गाडी वाजली, कुत्रं भुंकलं, पोरं ओरडली, की हा खिडकीखाली उभा राहतो, आणि पोळी लाटता लाटता मी म्हणते, थांब रे, हात मोकळे नाहीत. त्याला उचलते कोण, तर खारू. जेमतेम उचलते. त्याचे पाय तिच्या गुडघ्यांवर आपटत राहतात.

"म्हणून खाली होत्या," खारू म्हणाली. माझ्याकडे न बघता. "त्याच्या डोळ्यांशी येतील अशा. आणि जिना बाहेर होता, कारण त्याला बाहेर जायचं असतं. दार चिकटवलेलं, कारण तो दारात बोट घालतो. मी तुला सांगणार होते. तू म्हणालीस, नंतर."

मी खाली बसले. निळ्या पुठ्ठ्याची कड नखानं उचलायला गेले. डिंक मी सढळ हातानं लावला होता, आम्ही कामाचे पक्के. कडेबरोबर आतल्या भिंतीचाही पापुद्रा सुटून यायला लागला. आणखी ओढलं असतं तर माझंही गेलं असतं आणि तिचंही. मी तशीच बसले, नखात निळा कपटा अडकलेला. गॅलरीच्या दारात वकील उभा होता. लिफ्टचा दोरा नुसता बोटाला गुंडाळत होता.

"केराच्या डब्यातनं काढूया का?" मी म्हटलं. "जिना असेल. नीट करता येईल."

"ओला झाला असेल. डब्यात सकाळच्या चहाचा चोथा आहे," खारू म्हणाली. तक्रार नव्हती. डब्याची तिला माझ्याहून जास्त माहिती असते. तिचा निम्मा संसार तिथूनच येतो.

दाराची घंटी वाजली.

"आल्या वाटतं," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. पण दार उघडायला त्या गेल्या नाहीत. कुणीच गेलं नाही. बाहेरून संपादकबाईंचा आवाज आला, "आहे का कुणी? मी दोनच मिनिटं घेणारे हं!"

खारूनं घर उचलून पुन्हा टेबलावर ठेवलं, दोन घरांच्या बरोबर मध्ये. घड्या सरळ केल्या. बुलडोझरचा हात धरून त्याला बाजूला उभं केलं. मग कोऱ्या चिठ्ठ्यांतली आपली चिठ्ठी ओढली, खुर्चीवर गुडघे टेकले, आणि जीभ दातांत धरून सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहायला लागली. 'हे मी केलं' लिहिताना पेन्सिल जरा थांबली, पण तशीच पुढे गेली. 'मोठ्यांनी हात लावला नाही' हेही लिहून तिनं बोटानं वाचून काढलं. मग शेवटची ओळ, आणि तिच्यापुढची मोकळी जागा.

घंटी पुन्हा वाजली.

"आई," पेन्सिल तशीच धरून तिनं वर बघितलं. खरंच माहीत नाही म्हणून विचारतात तसं. "इथं माझं वय लिहू, की तुझं?"